डच डिझाइन बघायला गेलेले आम्ही पाच

आमच्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे साठतात ना, तसेच किस्से साठतात. मुद्दाम कुणी ठेवत नाही, पण टाकवतही नाहीत. मग कधीतरी कपाट उघडलं की धडाधड अंगावर येतात! परवा फोनवर बहिणीला एकच सांगायला गेले. तासाभराने ती म्हणाली, "विद्या, तू तिकडे रिटायर झालीयेस की नाटक कंपनीत लागलीयेस गं?"

म्हटलं, आता लिहूनच काढते.

आधी माणसं सांगते, म्हणजे गोंधळ नको. मी हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेली. माझा नवरा अरुण, जन्मभर पूल बांधलेला इंजिनियर. शिकागोच्या सबर्बमध्ये आमच्यापासून दोन घरं सोडून डॉक्टर साने राहतात. चाळीस वर्षं लोकांना भूल दिली, आता स्वतः दुपारी कुठेही झोपतात. त्यांची बायको कुसुमताई मूळच्या नागपूरच्या. पर्समध्ये अख्खा संसार घेऊन फिरणाऱ्या. आणि पाचवी केतकी. माझ्या पुण्याच्या मैत्रिणीची मुलगी, इथे प्रॉडक्ट डिझाइनमध्ये मास्टर्स करते.

केतकीचा थीसिस आजच्या डच डिझाइनवर आहे. म्हणजे तिकडचे आत्ताचे लोक खुर्च्या, दिवे, कप, गालिचे कसे करतात, ते बघत हिंडायचं. आम्हाला डच म्हटलं की पवनचक्की, ट्यूलिप आणि चीज. पुढे सगळा अंधार!

केतकीकडे गाडी नाही. एका शनिवारी तिचा फोन आला, "मावशी, एका गॅलरीत जायचंय, सोडाल का?" सोडलं. बाहेर इतका बर्फ की गाडीत बसून राहणं शक्य नव्हतं, म्हणून आम्ही चौघंही आत शिरलो. तेव्हापासून गेली दोन वर्षं दर शनिवारी कुठलं ना कुठलं प्रदर्शन, कुठली ना कुठली फेअर चालू आहे. थीसिस केतकीचा, पण हजेरी आमची!

आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. अरुणचे हात थरथरतात. डॉक्टरांनी सगळ्या टेस्ट करून घेतल्या. घाबरण्यासारखं काही नाही, फक्त कंप आहे, गोळीने निम्मा थांबतो. पण दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या गणपतीत त्याच्या हातचा चहा एका बाईंच्या पैठणीवर सांडला. त्या बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत. तेवढ्यावरून ह्याने चारचौघांत कप उचलणं सोडलं. कुठेही गेलं की दोन्ही हात खिशात आणि तोंडात एकच वाक्य, "आत्ताच घेऊन आलोय." चहा म्हणजे ह्याचा जीव की प्राण! घरी परत आलो की कोट काढायच्या आधी किचनमध्ये उभा राहून घटाघटा दोन कप पितो. ते बघून मला इतकं वाईट वाटायचं की कधी कधी मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत जाऊन बसायचे.

तर ते असो. किस्से.

* * *

पहिल्याच फेअरमध्ये एक भला मोठा गालिचा होता. जुन्या मिलिटरी ब्लँकेट्सच्या पट्ट्या कापून विणलेला. शेजारी पाटी, "कृपया यावर चाला." अमेरिकेत कुठल्याही प्रदर्शनात "हात लावू नका" असतं, इथे चक्क चाला म्हणतायत!

आता गालिच्यावर चालायचं म्हणजे आपण काय करतो? आम्ही पाचही जणांनी कडेला चपला-बूट काढले. कुसुमताईंनी ते जोडीने, सरळ ओळीत लावले. त्यांना वाकडे बूट बघवत नाहीत. मग आम्ही मोज्यांवर गालिच्याला दोन फेऱ्या मारल्या. डॉक्टर म्हणाले, "गुडघ्याला बरं वाटतंय."

परत येऊन बघतो तर आमच्या बुटांभोवती आठ-दहा माणसं! एक मुलगी गुडघ्यावर बसून फोटो काढतेय. एक गृहस्थ बायकोला समजावून सांगतायत, "दीज आर द पीपल हू आर ॲब्सेंट." बायको मान डोलावतेय, डोळे पाणावलेले!

आम्ही लांब उभे. जाऊन बूट घालायची कुणाची हिंमत होईना. शेवटी केतकी गेली, आणि एकाने तिला विचारलं, "हे विकायला आहे का?"

तिने शांतपणे सांगितलं, "नाही. ऑन लोन आहे."

गाडीत बसल्यावर कुसुमताईंनी हळूच विचारलं, "माझे चॉकलेटी सँडल आवडले का गं कुणाला?"

* * *

शहरात एक छोटी गॅलरी आहे, फक्त डच वस्तूंची. मालकीण योहाना. पन्नाशीची, उंच, केस बारीक कापलेले, आणि बोलणं असं की समोरच्याने भिंतीला टेकूनच उभं राहावं.

कुसुमताईंची सवय अशी की कुठेही गेलं की प्रत्येक वस्तूसमोर थांबून "व्हेरी नाइस, व्हेरी नाइस" म्हणायचं. आपलं बोलायचं म्हणून! चाळीस वर्षांत अमेरिकेत कुणी त्यावर काही बोललेलं नाही. योहानाने मात्र वळून विचारलं, "व्हाय?"

कुसुमताईंना घाम फुटला. समोर एक फुलदाणी, कुठेही नक्षी नाही, कंगोरा नाही, काही नाही. अहोंकडे बघितलं, अहो छताकडे बघत होते. शेवटी धीर करून म्हणाल्या, "बिकॉज... इझी टू डस्ट."

योहाना सरळ टेबलाकडे गेली. मग कागद-पेन घेऊन तिने ते लिहून घेतलं. "ही करणाऱ्याला मी आज फोन करणार. त्याने नेमकं हेच डोक्यात ठेवून केलीय, आणि आत्तापर्यंत सगळे त्याला आत्म्याबद्दल विचारत होते!"

त्या दिवसापासून कुसुमताई कुठल्याही डिझाइनसमोर आधी फडक्याचा विचार करतात. आणि खरं सांगते, बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर निघतं.

* * *

ह्याच योहानाने एकदा बिस्किटांचा डबा उघडून कुसुमताईंसमोर धरला. छान पातळ, दालचिनीचा वास येणारी बिस्किटं. कुसुमताई म्हणाल्या, "नो नो, थँक यू."

अहो, पहिल्यांदा कोण हो म्हणतं? आपल्यात पहिलं नाही हे नाहीच नसतं. दुसऱ्यांदा आग्रह होतो, तिसऱ्यांदा आपण "बरं, एकच" म्हणतो आणि दोन उचलतो.

योहानाने "ओके" म्हटलं आणि डबा बंद केला. टक्!

कुसुमताई त्या झाकणाकडे बघतच राहिल्या. पुढचा अर्धा तास योहाना दिव्यांबद्दल काय सांगत होती, त्यांना विचारू नका. गाडीचं दार लागल्याबरोबर त्यांचा बांध फुटला, "मला हवं होतं गं ते!"

डॉक्टर म्हणाले, "मग नाही कशाला म्हणालीस?"

"म्हणजे काय? लगेच हो म्हणू? भुकेले वाटत नाही का आपण?"

पुढच्या शनिवारी योहानाने डबा उचलला फक्त. झाकण अजून तिच्या हातात होतं, तोवर कुसुमताईंची दोन बोटं डब्यात! योहाना पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. "नाऊ वुई कॅन टॉक," म्हणाली.

* * *

डॉक्टरांना एका फेअरमध्ये पुठ्ठ्याचं स्टूल भयंकर आवडलं. नुसता घड्या घातलेला पुठ्ठा, खिळा नाही, गोंद नाही, आणि वर डॉक्टर बसले तरी हूं की चूं नाही! ते विकत घेतलं, ख्रिसमसच्या झाडासारखं गाडीवर बांधून आणलं, आणि टीव्हीसमोर ठेवलं. दोन दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला त्यावर बसवून दाखवत होते.

तिसऱ्या दिवशी मुलगा आला. चांगला मुलगा. आईबाबा थकले, घरात पसारा फार, म्हणून त्याने आपण होऊन सगळा गराज आवरला, बाहेरची खोली आवरली. रीसायकलिंगची गाडी त्याच सकाळी येते.

डॉक्टर झोपेतून उठून येतात तर टीव्हीसमोर मोकळी जागा!

"डॅड, दॅट बॉक्स? आय फ्लॅटन्ड इट सो नाइसली!"

डॉक्टरांनी दुःखाने केतकीला फोन लावला. ती म्हणाली, "काका, डिझायनर खूश होईल. स्टुलाच्या खाली छापलेलंच होतं, आयुष्य संपल्यावर कृपया रीसायकल करा."

"अगं आयुष्य संपल्यावर!" डॉक्टर ओरडले. "त्याचं बारसंसुद्धा झालं नव्हतं!"

* * *

आता अरुणचं ऐका. त्याला डिझाइनमधलं सौंदर्य-बिंदर्य काही सांगायचं नाही. तो प्रत्येक वस्तूला एकच विचारतो, "लोड कुठून जातोय?" म्हणजे वजन कुठून कसं खाली उतरतंय.

एका प्रदर्शनात एक लोखंडी खुर्ची होती. पाय इतके बारीक की अगरबत्तीच्या काड्या बऱ्या. अरुण तिच्याभोवती तीनदा फिरला, आणि चौथ्यांदा दिसेनासाच झाला. बघतो तर जमिनीवर उताणा! डोकं खुर्चीखाली, हातात फोनचा टॉर्च, आणि हात थरथरतोय म्हणून टॉर्चचा उजेड सगळीकडे नाचतोय.

सिक्युरिटी गार्ड धावत आला. "सर! सर! कॅन यू हिअर मी?" दुसऱ्याने तर रेडिओवर मेडिकल टीम बोलावली. डॉक्टर पुढे झाले आणि शांतपणे म्हणाले, "आय ॲम अ डॉक्टर. ही इज नॉर्मल. फॉर हिम."

खुर्चीखालून आवाज आला, "विद्या, वेल्डिंग काय अप्रतिम केलंय गं!"

खुर्ची करणारी मुलगी तिथेच होती, थेट हॉलंडहून आलेली. ती पण शेजारी आडवी झाली. दोघं उताणे पडून अर्धा तास जॉइंट्सबद्दल बोलत होते. उठल्यावर ती म्हणाली, "माझ्या खुर्चीवर सगळे बसतात. खालून कुणी बघत नाही. चला, मी तुम्हाला कॉफी देते."

अरुणचे हात झटकन खिशात गेले. "थँक यू. आत्ताच घेतली."

तिचा चेहरा पडला. माझाही पडला.

* * *

प्रदर्शन झालं की आम्ही डेव्हन ॲव्हेन्यूवर, इथल्या देशी बाजारात जातो. वाणसामान घ्यायचं, मग चाट आणि चहा. अरुण आम्हाला दारात उतरवतो. "तुम्ही व्हा पुढे, मी पार्किंग बघतो."

शनिवारी डेव्हनवर पार्किंग मिळत नाही, हे खरंच आहे. त्यामुळे बरेच महिने मला काही कळलं नाही. एकदा आम्ही खिडकीपाशी बसलो होतो. आमची गाडी समोरून गेली. दहा मिनिटांनी परत गेली. डॉक्टरांनी हात केला. तिसऱ्यांदा गेली तेव्हा दुकानाच्या बरोब्बर समोर एक जागा रिकामी होती, इतकी मोठी की बस मावली असती! अरुणने त्या जागेकडे बघितलं, चहाचे कप घेऊन बसलेल्या आमच्याकडे बघितलं, आणि सरळ पुढे निघून गेला.

कुसुमताईंनी माझ्या प्लेटमध्ये स्वतःची शेवपुरी सरकवली.

त्या दिवशी घरी आल्यावर मी चिडले. चाळीस वर्षांचा संसार, पण अशी कधी चिडले नव्हते. म्हटलं, "सांडला तर सांडला! लोक काय फाशी देणार आहेत? मला एकदा, फक्त एकदा, तू आमच्याबरोबर बसून चहा प्यायलेला बघायचाय."

तो म्हणाला, "विद्या, सांडण्याचं काही नाही गं. सांडल्यावर सगळे जे इतकं छान वागतात ना, ते मला सहन होत नाही."

मी चहा टाकला.

* * *

आता शेवटचा सांगते. गेल्या मे महिन्यात न्यूयॉर्कला मोठी फेअर होती. आम्ही जवळच एडिसनला माझ्या भावाकडे उतरलो आणि सकाळच्या ट्रेनने गेलो. केतकीला बास नावाच्या एका डिझायनरला भेटायचं होतं.

त्याच्या स्टॉलमध्ये एक लांबलचक टेबल होतं, त्यावर पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, आणि भोवती खुर्च्या. मध्ये कॉफीचा थर्मास आणि कप. माणूस कुणी नव्हता. क्लॉथवर जागोजागी लाल रेशमाने काहीतरी भरलेलं होतं, लहानमोठे वेडेवाकडे आकार. टोकाला मात्र कॉफीचा एक ताजा डाग, रुपयाएवढा.

"अगंबाई!" कुसुमताई कळवळल्या. "एवढं सुंदर भरतकाम, आणि कुणीतरी घाण करून ठेवलीय!" पर्समधून डाग घालवायचं पेन निघालं. मागोमाग रुमाल निघाला, पाण्याची बाटली निघाली. दोन मिनिटांत डाग गायब! त्यांनी हाताने क्लॉथ सारखा केला आणि मागे सरकून समाधानाने बघितलं.

केतकी तोवर भिंतीवरची बारीक अक्षरातली पाटी वाचत होती. तिचा आवाजच बदलला. "मावशी... हे डागच तर डिझाइन आहे."

म्हणजे असं, की लोक इथे बसून कॉफी पितात. कुणाच्या हातून सांडली की बास त्या डागाच्या कडेने लाल टाके घालतो आणि खाली सांडणाऱ्याचं नाव भरतो. गावोगाव हा क्लॉथ घेऊन हिंडतो. आणि तो टोकाचा डाग त्या सकाळचा, न्यूयॉर्कचा पहिला!

तेवढ्यात बास आला, हातात सुईदोरा. चाळिशीचा, दाढीवाला. टोकाशी वाकला. क्लॉथ उचलून खालून बघितलं. परत वरून बघितलं.

"आय क्लीन्ड इट," कुसुमताई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "आय ॲम सो सॉरी!"

बास चिडला नाही. पण हेही म्हणाला नाही, की जाऊ दे. डच माणूस! "तो माझा डाग होता," म्हणाला, "आता तुम्ही मला दुसरा द्या."

त्याने कप भरून कुसुमताईंच्या हातात दिला. कुसुमताईंनी कप क्लॉथवर धरला, डोळे मिटले... हात वळेना! "नाही हो होत. पांढऱ्यावर कसं सांडू?"

डॉक्टरांनी कप घेतला. एक थेंब पाडला, आणि तो खाली पोचायच्या आत दुसऱ्या हाताने टिश्यूवर झेलला! मग मी घेतला. आईने लहानपणी काय काय शिकवलंय ते सगळं मनगटात येऊन बसलं. शेवटी केतकीने डोळे मिटून भसकन ओतायला कप तिरका केला, तर बासनेच तिचा हात धरला.

"नो. हे ओतणं झालं. ओतलेलं मला नको. चुकून सांडलेलंच पाहिजे."

आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. कुसुमताईंच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं.

तेव्हा मागून अरुण आला. दोन्ही हात खिशातून काढले आणि बासला म्हणाला, "गिव्ह इट टू मी."

बासने काठोकाठ भरलेला कप पुढे केला. अरुणने तो उचलला, ओठांपर्यंत न्यायला लागला, आणि कॉफी सांडली. एकदा नाही, चार ठिकाणी! माझा हात आपोआप टिश्यूच्या डब्याकडे गेला. कुसुमताईंनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं.

बास उकिडवा बसला. चारही डाग नीट निरखून बघितले. छान छान काही बोलला नाही. फक्त म्हणाला, "मी एकच मागितला होता."

"मी पूल बांधायचो," अरुण म्हणाला. "आम्ही नेहमी फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवतो. लागतं त्याच्या चौपट."

बासने सुईत दोरा ओवला. "नाव?"

"अरुण."

मग अरुणने खुर्ची ओढली, सगळ्यांच्या मधोमध बसला, कपात उरलेल्या कॉफीकडे बघितलं आणि मला म्हणाला, "साखर कुठाय गं?"